पत्र्याचे दोन फोन

नांगरणी तोंडावर आली की गावातल्या प्रत्येकाला एकाच दिवशी आठवतं, आपली कुऱ्हाड बोथट आहे. वर्षभर नांगराचा फाळ गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेला असतो, त्याच्यावर कोंबड्या झोपतात, आणि मग एका सकाळी तोच फाळ खांद्यावर टाकून माणूस लोहाराच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "आत्ताच्या आत्ता करून दे."

"आत्ताच्या आत्ता मला फक्त शिंकता येईल," लोहारीण म्हणायची. "ठेव तिथे रांगेत."

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचंच. लोहार जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणं त्याच्या वाट्याला आलंच नाही. गाव त्याला मुका म्हणायचं. लोहारणीला तो शब्द ऐकला की हसू यायचं. मुका कसला, हा माणूस पाय आपटून भांडायला लागला की कुंपणावरचे पक्षी उडून जायचे.

त्यांच्या घराची भाषा भट्टीपाशी घडलेली होती. एका हातात सांडस, सांडशीत लाल लोखंड. मग बोलायचं ते उरलेल्या हातानं, हनुवटीनं, खांद्यानं आणि अगदीच वेळ आली तर गुडघ्यानं. म्हणून त्यांचे शब्द अंगभर असायचे. 'भूक' बरगडीखालून निघायची. 'बरं चाललंय' म्हणायला कमरेपासून मांडीपर्यंत हात पुसल्यासारखा न्यायचा. माणसांची नावंही तशीच. लेकीला लहानपणी डाव्या भुवईवर ठिणगी लागली होती, म्हणून लेक म्हणजे भुवईला काढलेला चिमटा. लोहाराची बहीण शिवणकाम करायची, ती दोन बोटांची कात्री. आणि लोहारीण म्हणजे खांद्यापाशी मूठ धरून खाली ओढायची, भात्याची दांडी ओढतात तशी. लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यानं तिच्या हातात दांडी दिली आणि लोहारानं तेच तिचं नाव ठेवलं. तेव्हापासून ती भाता ओढत होती आणि त्याच नावाला ओ देत होती.

ह्या वर्षी मात्र दांडी जड झाली होती. म्हणजे दांडी तीच, भाताही सासऱ्याच्या वेळचाच, चामडं दोनदा बदललेलं. खांदा बदलला होता. उजवा हात कानाच्या वर गेला की आत कुणीतरी सुतळी पिळल्यासारखं व्हायचं. सकाळी केस बांधताना ती मानच खाली वाकवून हाताकडे न्यायची. लोहारानं एकदा विचारलं तेव्हा तिनं हातानं सांगितलं, "झोपेत आखडला." ते सांगून बरेच महिने झाले होते. इतकी लांब झोप कुणी घेत नाही, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि तिनं पुन्हा सांगितलं नाही.

तिनं आपला मार्ग वेगळाच काढला होता. पलीकडच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे तिनं भट्टीचा पंखा पाहिला होता. विजेवर चालतो, बटण दाबलं की खालच्या नळीतून वारा, कोळसा कसा फुलून येतो. मागच्या हंगामापासून ती त्याच्यासाठी डब्यात पैसे टाकत होती. लोहाराला सांगताना मात्र खांद्याचं नाव काढलं नव्हतं. "कोळसा वाचेल," एवढंच ती म्हणाली होती. लोहारानं भात्याच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "हा काय आजारी आहे?"

ह्या सगळ्यात फोनचं खूळ शिरलं ते नणंदेमुळे.

नणंद दोन दिवस राहायला आली होती. तिच्याकडे मोठा फोन होता, कपड्यांचे नमुने बघायला घेतलेला. आल्या आल्या तिनं शहरात भाचीला फोन लावला आणि तो लोहाराच्या नाकासमोर धरला.

लेक वर्षभरापूर्वी नर्सिंग शिकायला गेली होती. सुट्टीत आली तेवढीच. एरवी ती घरच्या बटणांच्या फोनवर आईशी बोलायची आणि आई ते लोहाराला हातानं सांगायची. आता एकाएकी चौकोनात लेकच उभी. तिनं भुवई उचलली, हात वर केले आणि बोलायला लागली.

लोहार हातातला हातोडा खाली ठेवायचंही विसरला. फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. लेकीचे हात छातीपाशी आले की चौकट संपायची. 'भूक' दिसेना, 'बरं चाललंय' तर बाहेरच्या बाहेरच. दिसत होतं तेही त्याला धुरातून बघितल्यासारखं वाटत असावं, कारण तो सारखा डोळे बारीक करत होता. तरी तो उभाच राहिला. फोन बंद झाल्यावरही काळ्या काचेकडे बघत राहिला.

"दादाला एक घेऊनच दे वहिनी," नणंद म्हणाली. "आणि घेशील तर ह्याच्याहून मोठा घे. आता एक निघालाय, अगं, अर्धा दरवाजा."

"मग त्याला बिजागऱ्या मी देते," लोहारीण म्हणाली.

"हसतेस काय. हात मावायला नकोत का? तुमची भाषा म्हणजे केवढी. माझी कात्री तेवढी त्यात बसते, तुझा भाता नाही बसायचा."

लोहारानं नणंद-भावजयीच्या ओठांकडे बघून काही कळतंय का ते पाहिलं. मग फोनकडे बोट दाखवून दोन्ही हात लांब केले. मोठा.

*

बाजाराच्या दिवशी दोघं तयार झालेले विळे पोचवायला गेले आणि तिथूनच मोबाइलवाल्याच्या दुकानात. दुकान अरुंद, काचेच्या कपाटात फोन ओळीनं मांडलेले. मोबाइलवाला पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

लोहारानं खिशातून दोरी काढली आणि काचेच्या वर ठेवलेल्या एका फोनची लांबी-रुंदी घ्यायला लागला.

"हात नका लावू," मोबाइलवाला म्हणाला. "डाग पडतात."

लोहाराला ते ऐकू आलं नाही. पण त्या माणसानं फडकं घेऊन ज्या घाईनं काच पुसली, ती त्याला दिसली. त्यानं बोटं आपल्या विजारीला पुसली. भट्टीची काजळी पुसून जात नसते. पुढचं माप त्यानं दोरी हवेत धरून घेतलं.

"ह्यांच्यासाठी घ्यायचाय?" मोबाइलवाल्यानं लोहारणीला विचारलं. "पण ह्यांना तर ऐकू येत नाही ना? मग फोन कशाला?"

"ऐकायला नाही, बघायला हवाय," ती म्हणाली. "आणि ऐकणाऱ्यांनी फोन घेऊन तरी काय दिवे लावलेत?"

मोबाइलवाल्यानं भाव सांगितले. एक धाकटा, एक थोरला. आतून दोन्ही जवळपास सारखेच, फरक काचेचा, असं तोच म्हणाला. धाकटा घेतला तर डब्यात भट्टीच्या पंख्यापुरते पैसे उरत होते. थोरला घेतला तर डबा रिकामा. हिशेब करायला तिला कागद लागला नाही. दोन फोनांमधल्या त्या फरकाची जागा बरोबर तिच्या उजव्या खांद्याएवढी होती.

"घरी जाऊन ठरवतो आम्ही," तिनं सांगितलं.

"मोठ्याचा साठा लवकर संपतो हो," मोबाइलवाला म्हणाला.

"लोखंड नाही संपत," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

*

घरी आल्यावर लोहारानं काम बाजूला ठेवलं. रांगेत दोन फाळ, एक पहार आणि कुऱ्हाडींचा ढीग पडलेला, आणि हा गृहस्थ जुन्या स्टीलच्या डब्याचं झाकण शोधतोय. ते मिळालं, तसं दोरीची गाठ धरून त्यानं त्यातून दोन तुकडे कापले. एक धाकट्या फोनाएवढा, एक थोरल्याएवढा. कडा घासल्या, कोपरे गोल केले, मग राख लावून दोन्ही असे चकचकीत केले की त्यात तोंड दिसावं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"फोन," तो म्हणाला.

कुठलीही वस्तू करायची तर आधी पत्र्यात कापून बघायची, ही त्याची कामाची रीत. बिजागरी असो, कोयंडा असो, पत्र्यावर जे जमलं तेच लोखंडात जमणार. फोनलाही त्यानं तीच रीत लावली. तो ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर दाराकडे पाठ करून बसला, धाकटा तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि मागे हात करून तिला खूण केली. बोल.

ती दारात उभी राहिली. "जेवण झालं का," असं बरगडीपासून म्हणाली. पत्र्यात त्याला तिचं डोकं आणि गळा दिसला. मग त्यानं थोरला तुकडा धरला. त्यात ती कमरेपर्यंत दिसली, हातांसकट.

"बघ," तो वळून म्हणाला. "लहानात तू खिडकीतून बोलतेस. मोठ्यात घरात आहेस."

लोहारणीला पंखा डोळ्यांसमोर दिसला. आणि मग तिनं जे केलं त्याचं तिला नंतर हसू आलं. "पुन्हा बघ," असं म्हणून ती हळूच पाठीमागे सरकली. दाराबाहेर, पायरीखाली, पार अंगणातल्या पाण्याच्या पिंपापर्यंत गेली. तिथून बोलली तेव्हा धाकट्या पत्र्यातही ती आख्खी मावली.

लोहारानं पत्रा लांब धरला, जवळ आणला. मग मान वळवून पाहिलं आणि ती पिंपाला टेकलेली दिसली.

"लबाड," तो म्हणाला. "मावलीस. पण बोटं मुंगीएवढी. काय बोललीस ते देवालाच ठाऊक."

"मी म्हणाले, कुऱ्हाडी पडल्यात रांगेत."

दोन्ही तुकडे त्यानं खुंटीला टांगले. त्यानंतर रोज काम करता करता तो त्यांच्याकडे बघायचा. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय टांगलंय. लोहारीण सांगायची, "आमचे फोन. वाजले की सांगा."

*

दुपारी फाळ भट्टीत होता आणि ती भाता ओढत होती. डाव्या हातानं ओढायची सवय ती लावून बघत होती, पण डावा हात शहाण्या माणसासारखा वागत नव्हता. वारा कधी जास्त, कधी कमी. कोळसा मधूनच काळा पडायचा. लोहारानं एकदा वर पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. तिनं मुकाट्यानं हात बदलला. सुतळी पिळली गेली. फाळ लाल झाला, मग केशरी. त्यानं तो ऐरणीवर घेतला, तिनं घण उचलला. तो हातोडीनं जागा दाखवायचा, ती त्या जागेवर घाव घालायची. शेवटी त्यानं रिकाम्या ऐरणीवर हलकी थाप दिली. थांब. ती थाप त्याला पायाच्या तळव्यातून कळायची, तिला कानातून. तेवढ्या एका ठिकाणी दोघांना सारखंच ऐकू यायचं.

पाणी प्यायला बसले तेव्हा तो बोलायला लागला. एरवी तो घाईनं बोलायचा. आज शब्द एकेक करून मांडत होता.

"लेक तुझ्याशी बोलते. मग तू मला ती सांगतेस."

"हो."

"चांगली सांगतेस. पण तू सांगतेस."

लोहारीण पाण्याच्या भांड्यात बघत राहिली. त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, कोण जाणे. पहिल्या महिन्यात लेक फोनवर हुंदके देऊन रडली होती. दवाखान्यात तिच्या देखरेखीखालची एक म्हातारी गेली होती. "मला नाही जमायचं आई, मी परत येते," असं म्हणत होती. लोहार समोर उभा राहून विचारत होता, काय म्हणते? आणि लोहारणीनं हातानं सांगितलं होतं, "विचारतेय, कोंबड्या अंडी देतात का."

"सांग, लाल कोंबडी देते," त्यानं मोठ्या खुशीत उत्तर दिलं होतं.

"बाबा म्हणतायत, धीर धर," तिनं फोनमध्ये सांगितलं होतं.

वर्षभर ती हेच करत आली होती. इकडची धार घासायची, तिकडची धार घासायची आणि दोघांच्या हातात बोथट वस्तू द्यायची, कुणाला कापू नये म्हणून. स्वतःच्या खांद्याचं तर तिनं तिकडेही सांगितलं नव्हतं आणि इकडेही. घासून घासून दोघांकडे पोचायचं ते काय, अंडी आणि धीर.

तिनं उठून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"मोठाच घेऊ," ती म्हणाली.

"आणि पंखा?"

तिनं त्याची नक्कल केली. भात्याच्या पोटावर हात ठेवला. "हा काय आजारी आहे?"

तो हसला. हसता हसता तिच्या हाताकडे बघत थांबला. ती डाव्या हातानं बोलली होती. पण रांगेतला पुढचा माणूस दारात खाकरला आणि ती उठली.

*

पुढच्या बाजाराला ते दुकानात शिरले तेव्हा लोहाराच्या खिशात पत्र्याचा थोरला तुकडा होता. त्यानं तो काचेवर खऱ्या फोनच्या शेजारी ठेवला. केसाचाही फरक नव्हता. मोबाइलवाल्यानं तुकडा उचलला, उलटसुलट केला.

"कुठल्या कंपनीचा?" त्यानं विचारलं.

"घरचा," लोहारीण म्हणाली. "चार्ज करावा लागत नाही. आता खरा लावून दाखवा, आमच्या लेकीला लावा. दोन्हींवर. आधी मोठ्यावर."

मोबाइलवाल्यानं लावून दिला. लेक वसतिगृहाच्या खोलीत होती, फोन टेबलावर टेकवलेला. ती बोलायला लागली आणि लोहाराचा चेहरा उतरला. मोठ्या फोनवरही लेक छातीपाशीच संपत होती. पत्र्यात तर कमरेपर्यंत दिसायला हवं होतं. त्यानं फोन तिरपा करून खालच्या कडेतून आत डोकावून पाहिलं. मग उलटा करून पाठीमागे पाहिलं.

"धाकट्यावर लावा," लोहारीण म्हणाली.

धाकट्यावरही लेक तिथेच कापलेली, फक्त आकारानं लहान.

पत्रा असा फसवणार नाही ह्या विश्वासावर आठवडा काढलेला. लोहार दोन्ही फोनांकडे असा बघत होता की जणू त्यांनी मापात चोरी केली. लोहारणीला मात्र अंगणातलं पाण्याचं पिंप आठवलं. आरशात बघणारा ठरवतो काय दिसायचं ते. इथे बघणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. चौकट लेकीच्या टेबलावर ठरत होती. लबाडी करून पाठीमागे सरकायचं ते तिनं नव्हे, लेकीनं सरकायला हवं होतं.

तिनं फोनसमोर होऊन हात हलवला. "मागे हो. अजून मागे. भिंतीला टेक."

लेक मागे मागे गेली आणि भिंतीला टेकली. तिचे दोन्ही हात, बरगड्या, कंबर, सगळं चौकटीत आलं. लोहारीण एवढी खूश झाली की वळून नवऱ्याच्या पाठीत थाप मारली.

पण भिंतीजवळची लेक आता काही वेगळंच विचारत होती. धाकट्या फोनमधून तिचे हात भराभर हलत होते आणि लोहारणीनं ते वाचलं तशी तिनं नजर दुसरीकडे वळवली.

"काय म्हणते?" लोहारानं विचारलं. त्यानं धाकटा फोन हातभर लांब धरला होता, मान मागे नेली होती, डोळे चिंचोळे केले होते. "बोटं दिसत नाहीत. मोठा दे."

"विचारते," लोहारीण म्हणाली, "कोंबड्या—"

तेवढ्यात मोबाइलवाला काउंटरच्या मागून बाहेर आला. तो मघापासून त्या लांब धरलेल्या हाताकडे बघत होता.

"अहो, ह्यांना फोन नको, चष्मा पाहिजे," तो म्हणाला. "माझंही दोन वर्षांपूर्वी असंच झालं. बायकोला वाटलं मी वर्तमानपत्राला घाबरतोय." त्यानं गळ्यातली दोरी काढली आणि आपला चष्मा लोहाराच्या काळ्या बोटांत ठेवला. पुसायला फडकं घेतलं नाही.

लोहारानं चष्मा नाकावर चढवला. दोरी कानापाशी लोंबत राहिली.

फोन धरलेला हात हळूहळू कोपरात दुमडला. धाकटा फोन जवळ आला. लोहाराचे ओठ विलग झाले. लेकीच्या भुवईवरचा डाग त्यानं बोटानं काचेवर दाखवला. मग तिला म्हणाला, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

लेकीनं पुन्हा सांगितलं. आता मधे कुणीच नव्हतं.

"आई डाव्या हातानं का बोलतेय? तिचा उजवा हात खाली का लोंबतोय? तिच्या खांद्याला काय झालंय बाबा? मी इथे असले खांदे रोज बघते."

लोहार चष्म्यासकट वळला. त्यानं बायकोकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग खांद्याकडे, मग लोंबणाऱ्या हाताकडे. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक आलं होतं, ते उगाचच कपाटातल्या फोनांकडे बघायला लागलं.

"झोपेत आखडलाय," लोहारीण म्हणाली. डाव्या हातानं.

"खोटारडी," लेक भिंतीजवळून म्हणाली, आणि धाकट्या फोनमधूनही तो शब्द स्वच्छ दिसला.

लोहारानं थोरला फोन दोन बोटांनी उचलून मोबाइलवाल्याकडे सरकवला. चष्मा काढून त्याची नीट घडी केली आणि त्याला परत दिला. मग धाकट्या फोनवर हात ठेवला.

"हा. आणि चष्मा," तो बायकोला म्हणाला. "आणि पंखा."

"मोठा हवा होता ना तुला?"

"मला लेक हवी होती," तो म्हणाला. मग खिशातला पत्रा दाखवून पुढे म्हणाला, "मोठा आहे की आपल्याकडे."

"काय म्हणतायत?" मोबाइलवाल्यानं विचारलं.

"म्हणतायत, पिशवी द्या," लोहारीण म्हणाली. सवय एकदम जात नाही.

*

नांगरण्या सुरू झाल्या तशी रांग सरली. भट्टीशेजारी पंखा बसला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा राख अशी उडाली की दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या; वारा किती सोडायचा ते शिकायला दोन दिवस गेले आणि एक चांगला विळा जळाला. भाता लोहारानं काढून टाकला नाही. चामड्याला तेल लावून वर आढ्याला टांगला. खांद्यासाठी लेकीनं व्यायाम सांगितले होते, भिंतीवर बोटांनी चढत जायचं. लोहारीण रोज सकाळी भिंतीवर चढायची आणि लोहार चष्म्यातून तपासायचा, कालच्या खुणेच्या वर गेली की नाही. काजळीनं तो भिंतीवर खूण करायचा. खुणा सावकाश वर चालल्या होत्या. एखाद्या दिवशी खालीही यायच्या.

चष्म्याचं त्याला आधी फार वाईट वाटलं होतं. ऐरणीपाशी चष्मा लावून बसणारा लोहार म्हणजे गावाला आयता तमाशा. आला तो प्रत्येक जण म्हणाला, काय मास्तर. पण मग त्याला विळ्याच्या धारेवरचे बारीक दाते दिसायला लागले, आणि आपण गेली काही वर्षं लोकांना काय देत होतो ते बघून त्यानं घरातले सगळे विळे पुन्हा धारेला लावले.

फोनसाठी त्यानं लोखंडाची तिवई केली होती. संध्याकाळी काम आवरलं की फोन तिवईवर, लोहार ओंडक्यावर, आणि तिकडे लेक भिंतीला टेकून. दोघं बोलायला लागत. आवाज काहीच नसायचा. कोळसा थंड होताना तडकायचा तेवढाच. पहिले काही दिवस लोहारीण जवळ येऊन उभी राहायची, कुठे अडलं तर सांगायला. अडत नव्हतं. लेकीनं त्या गेलेल्या म्हातारीचं सगळं सांगितलं. लोहारानं ऐकलं आणि मग त्याची आई गेली तेव्हाचं सांगितलं, जे त्यानं लोहारणीलाही कधी सांगितलं नव्हतं. आपण जे वर्षभर घासत बसलो, ते ह्या दोघांना कापत नव्हतं, हे बघून तिला हलकं वाटलं. थोडं रिकामंही वाटलं. मग ती त्या वेळेत पाय पसरून चहा प्यायला शिकली.

अशीच एकदा चहा पीत बसली असताना तिला फोनमध्ये आपलं नाव दिसलं. लेकीनं खांद्यापाशी मूठ धरून खाली ओढली होती.

"पण बाबा," लेक म्हणत होती, "आता ती भाता ओढत नाही. मग तिचं नाव काय?"

लोहार विचारात पडला. ह्या गोष्टीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्यानं आढ्याला टांगलेल्या भात्याकडे पाहिलं, मग पंख्याच्या बटणाकडे.

"बटण ठेवा," लोहारीण मधेच म्हणाली आणि एक बोट हवेत दाबलं. "सोपं आहे. लहान फोनमध्ये मावेल."

लेक तिकडे भिंतीला टेकून हसली. लोहारीणही हसली, चहा सांडेल इतकी. लोहार हसला नाही. तो चष्म्यातून बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, नवीन आलेलं लोखंड बघतात तसा, कुठून आलंय, काय काय सोसेल. तिला अवघडल्यासारखं झालं. ह्या चष्म्यानं त्याला सुरकुत्या दिसत असणार, पांढरे केस दिसत असणार, कानशिलावरचा भाजल्याचा वण दिसत असणार. तिनं तोंड वळवलं.

त्यानं हात लावून ते परत आपल्याकडे वळवलं. मग लेकीकडे बघून उजव्या हाताची करंगळी उचलली, स्वतःच्या डाव्या गालावर टेकवली आणि किंचित आत दाबली. बस, एवढंच.

लेकीला कळलं नाही. "म्हणजे?"

"हिच्या गालाला खळी आहे," तो म्हणाला. "मी विसरलो होतो. आत्ता दिसली."

लेकीनं तिकडे भिंतीजवळ करंगळी उचलली आणि आपल्या गालावर दाबली. त्या लहानशा काचेत तिची करंगळी तांदळाच्या दाण्याएवढी होती. लोहारानं मान हलवली. दिसली, बरोबर आहे.

लोहारीण उठली. कप विसळायला अंगणात गेली. पाण्याच्या पिंपाशेजारी भिंतीवर लोहारानं पत्र्याचा थोरला तुकडा खिळ्यानं ठोकला होता, केस बांधायला बरा पडतो म्हणून. तिनं हात पुसले आणि त्यात पाहिलं. डावा गाल सपाट होता. तिनं जरा जवळ जाऊन पाहिलं, करंगळीनं चाचपलं. काही नाही. ह्या माणसाला भलतंच काही दिसायला लागलंय, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तिला हसू फुटलं.

तेव्हा दिसली.